लेपाआत्याची सकाळची हवा

बेलग्रेड, १० सप्टेंबर २०१२

प्रिय लेपाआत्या,

मिलुतिन ड्रायव्हरकडे एक खोकं दिलंय, दुपारच्या बसने निशला पोचेल. त्यात खाऊ नाही, हवेतला धूर मोजायचं यंत्र आहे, तेव्हा हलवून बघू नकोस. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि बाबा ओरडून सांगायला लागले की त्याचं भांडणच होतं, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

आधी खरं काय ते. तुझा खोकला वाढल्यापासून बाबांच्या मनात आहे की निशचा फ्लॅट विकून तुला आमच्याकडे आणायचं. डॉक्टर म्हणाले हवा बदला, बाबांनी ऐकलं घर बदला. आणि त्यांना पुरावा मिळाला तो माझ्याकडूनच. मी काम करते त्या हवा मोजणाऱ्या विभागाने एक नकाशा केलाय. त्यात पत्ता टाकला की त्या घरात राहणाऱ्याच्या छातीत गाड्यांचा किती धूर जात असेल याचा अंदाज येतो. मी तुझा पत्ता टाकला. तुझी इमारत गडद लाल आली. मी ते घरी बोलून बसले.

पण मी बाबांना हेही सांगितलं की नकाशाला घर कळतं, माणूस कळत नाही. माणूस पुढच्या खोलीत बसतो की मागच्या, खिडक्या उघडतो की लावून घेतो, दिवसाचा कुठे कुठे जातो, यातलं नकाशाला काही माहीत नसतं. त्यासाठी यंत्र माणसाच्या अंगावरच लावावं लागतं. बाबा बरेच पुटपुटले, पण कबूल झाले. सेंट निकोलाच्या दिवसापर्यंत, म्हणजे डिसेंबरात आपल्या घरच्या सणापर्यंत थांबतो म्हणाले. तोवर आकडा काय येईल तसं.

म्हणून आत्या, हे नीट कर. यंत्र कमरेच्या पट्ट्याला अडकव. त्याची नळी कॉलरपाशी आण, म्हणजे तू जी हवा आत घेतेस तीच तेही घेईल. झोपताना उशाशी ठेव. सोबतच्या कागदावर तू कोणत्या वेळी कुठे होतीस तेवढं लिही. एका आठवड्याने मिलुतिनकडेच परत दे.

तू माझी आत्या आहेस हे मी आमच्या विभागप्रमुख बाईंना आधीच सांगितलंय. त्या म्हणाल्या, घरच्या माणसाचं माप घरच्यासाठीच ठेव. ते बरंच झालं. नाहीतर मला रात्री झोप लागली नसती.

तुझी,
विश्न्या

---

निश, १९ सप्टेंबर

विश्न्या पोरी,

यंत्र परत पाठवतेय. मिलुतिनने ओरडून विचारलं, "बाई, यात काय आहे?" मी म्हटलं, "माझा श्वास आहे." तेव्हापासून तो खोकं मांडीवर घेऊन बसलाय.

तू सांगितल्यासारखं सगळं केलं. उठले, कॉफी केली, मागच्या खोलीत बसले, स्वयंपाक केला, झोपले. कागदावर तेच लिहिलंय. माझ्या दिवसात लिहिण्यासारखं आणखी काही नसतं.

आता मी एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. हे यंत्र पाठवायची कल्पना तुझी की तुझ्या बापाची? तुझ्या बापाला मी तो चालायला लागला तेव्हापासून ओळखते. त्याला एखादी गोष्ट हवी असली की तो ती कधी मागत नाही. आधी ती तुझ्या भल्याची कशी आहे ते सिद्ध करतो. मी शिकवायचे त्या शाळेने मला हा फ्लॅट दिला. सत्तावीस वर्षं मी इथे राहिले. तुमच्या घरी मला कोणती खोली मिळणार तेही मला ठाऊक आहे. इस्त्रीचं टेबल असतं ती.

तू त्याच्या बाजूची असलीस तर तसं सांग. मी रागावणार नाही. फक्त मग मी सावध राहीन.

लेपाआत्या

---

बेलग्रेड, २६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

कल्पना माझी. बाबांनी फक्त परवानगी दिली, तीही कुरकुरत. मी कोणाच्या बाजूची नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण मला तुझ्या बाजूची असावंसं वाटतं. पण तसं असलं तर माझ्या आकड्याला काय किंमत?

आता मला लिहायला जड जाणारी गोष्ट. तुझा आठवडा मी पाहिला. आत्या, तो फार स्वच्छ आहे. चांगला आहे असं नाही म्हणत मी, फार स्वच्छ आहे म्हणतेय. बाबांच्या नोकरीमुळे आपण डोंगरावरच्या हवामान केंद्रात राहायचो, तिथे थंडीत सकाळी जशी हवा असायची तशी. निशमध्ये, चार पदरी रस्त्यावर, बसच्या थांब्यावरच्या इमारतीत अशी हवा असूच शकत नाही. तू कांदा परतलास तेव्हासुद्धा यंत्राला त्याचा पत्ता नाही.

तू ते कपाटात ठेवलं होतंस का? की खोक्यातून काढलंच नाहीस? मी बाबांना अजून काही दाखवलेलं नाही. ते रोज विचारतात, मी म्हणते यंत्र तपासायला दिलंय. हे अर्धं खोटं आहे आणि ते मला टोचतंय.

खालच्या गावची शाळा बंद पडली तेव्हा तू वर आमच्याकडे आलीस आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला शिकवायला लागलीस. बाहेरचा तापमापक वाचायला तू मला पाठवायचीस. एकदा बर्फात जायचा कंटाळा आला म्हणून मी अंदाजाने आकडा सांगितला. तू नुसती कोट घालून स्वतः बाहेर गेलीस. ते मला अजून आठवतं. त्या लेपाआत्याकडून मला हा आठवडा आलाय, म्हणून विचारतेय.

विश्न्या

---

निश, २ ऑक्टोबर

विश्न्या,

कपाटात! मी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. कपाटातच लिहिलंय.

यंत्र माझ्या अंगावर होतं. झोपेतही उशाशी होतं, त्याचा हिरवा दिवा माझ्याकडे रोखून बघत होता. नळी मी लोकरी बंडीच्या आत घेतली होती आणि वरून शाल. नाहीतर काय करू? स्वयंपाकघराची खिडकी आणि जिन्याचं दार यांच्यामध्ये आरपार वारा वाहतो हे तुला माहीत नाही? गळा उघडा टाकून त्या वाऱ्यात बसलं की दुसऱ्या दिवशी मान धरते, तिसऱ्या दिवशी कान, आणि माझ्या कानांचं जे काही उरलंय ते मला हवंय. यंत्रालाही वारा लागू नये म्हणून मीच ते झाकलं. तू म्हणालीस मी जी हवा घेते तीच त्याने घ्यावी. बरं, मी शालीतूनच हवा घेते.

मला वाटलं होतं तू विचारशील, "आत्या, नळी कुठे होती?" तू विचारलंस, "कपाटात होती का?" मी शिकवलेल्या मुलीने चोर आधी ठरवला आणि चोरी नंतर शोधली.

पाठव परत. या वेळी बंडीबाहेर ठेवीन. मान धरली तर तुझ्या नावावर.

लेपाआत्या

---

बेलग्रेड, १७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आधी माफी. शालीची गोष्ट वाचून मी विभागात सगळ्यांसमोर हसले आणि मग लाजले. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, आजवर कोणत्याही सूचनापत्रात हे लिहिलं नव्हतं, आता लिही: नळी कपड्यांच्या बाहेर, वारा असला तरी. आता ते छापून जाणार आहे.

पण दुसरा आठवडा वाईट आलाय. रात्री तुझ्याकडे हवा बरी असते, संध्याकाळीही ठीक. सकाळी आठच्या सुमाराला मात्र आलेखावरची धुराची रेघ एकदम वर चढते आणि दुपारपर्यंत वरच राहते. सोमवार ते शनिवार, सगळे दिवस. रविवारी काही नाही. त्या वेळेपुढे तू सगळीकडे लिहिलंयस: "घरी, स्वयंपाकघर."

या वेळी मी चोर ठरवत नाही, फक्त विचारते. सकाळी तुझ्या घरात काय होतं?

बाबांनी कागद माझ्या टेबलावर पाहिला. मी लपवला नव्हता आणि दाखवलाही नव्हता. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"सकाळ."

"सकाळी बसगाड्या. रविवारी बसगाड्या कमी. यात आणखी मोजायचं काय राहिलं?"

"बाबा, अजून—"

"विश्न्या, ती तिथे गुदमरतेय आणि तू अजून अजून करतेस."

आत्या, हे सांगायलाच हवं: त्यांचा आवाज कापत होता. त्यांना फक्त फ्लॅट विकायचाय असं मला वाटत नाही. पण त्याच दुपारी त्यांनी घरं विकून देणाऱ्या एका माणसाला फोन केला, हेही तितकंच खरं. तो माणूस पुढच्या महिन्यात तुझं घर बघायला येणार आहे.

विश्न्या

---

निश, २२ ऑक्टोबर

विश्न्या पोरी,

तू खरंच शहराची झालीस. ऑक्टोबरात निशमध्ये सकाळी काय होतं हे तुला विचारावं लागतं?

मिरच्या, बाई. अय्वार. आमच्या मागच्या अंगणात सगळी इमारत चुली मांडून बसलीय. गोड्या लाल मिरच्यांची पोतीच्या पोती भाजतोय, सोलतोय, हिवाळ्याची चटणी ढवळतोय. सकाळी आठला जाळ घालायचा आणि जेवायच्या वेळेला थांबायचं. रविवारी कोणी चूल पेटवत नाही, ते पाप. धूर असा की खालचा कुत्रासुद्धा जिन्यावर येऊन बसतो. स्वयंपाकघर लिहिलं कारण या दिवसांत अंगण म्हणजे आमचं स्वयंपाकघरच. तुझ्या यंत्राने बसगाड्या नाही, माझा अय्वार मोजला.

मिलुतिनकडे चार बरण्या देतेय. तुझ्या बापाला म्हणावं, ज्या धुरासाठी घर विकतोस तो पावाला लावून खा. आणि त्या विकणाऱ्या माणसाला म्हणावं, आमच्या जिन्याला दिवा नाही, पाय मोडेल.

लेपाआत्या

---

बेलग्रेड, २९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्र वाचून छातीवरचं ओझं उतरलं. मला कसं सुचलं नाही? मिरच्यांच्या दिवसांत आमच्या इमारतीतही तोच वास असतो. मी त्याच वासात बसून तुझी रेघ बघत होते आणि बसगाड्यांचा विचार करत होते.

मी बाबांना लगेच सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "अय्वार?" मग म्हणाले, "ठीक आहे." त्या माणसाला त्यांनी थांबायला सांगितलंय.

विभागप्रमुख बाईंना मात्र ते पुरलं नाही. मी त्यांना म्हटलं, सकाळचा भाग वजा करते. त्या म्हणाल्या, "कोणाच्या शब्दावर?" मी म्हटलं, आत्याच्या. त्यांनी मापाचा कागद परत माझ्याकडे सरकवला. त्यांचं बरोबर आहे. म्हणून मिरच्या संपल्यावर आणखी एक आठवडा, आत्या. नोव्हेंबरात कोणी चुली पेटवत नाही. तेव्हा सकाळ स्वच्छ आली की विषय संपला आणि घर तुझं.

बरण्या पोचल्या. आईने त्या सणासाठी वर ठेवल्यात.

विश्न्या

---

निश, १८ नोव्हेंबर

विश्न्या,

आठवडा झाला. नळी बाहेर होती. मिरच्या संपल्या. खोकला आहे तसाच. मी घरीच होते.

लेपाआत्या

---

बेलग्रेड, २७ नोव्हेंबर

आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येतंय तसं लिहिते.

तिसऱ्या आठवड्याची सकाळ स्वच्छ आली. बाबांना मी तेवढं दाखवलं असतं तर सगळं संपलं असतं. मी दाखवलं नाही, कारण ती रेघ मला बरी वाटत नाही. घरात माणूस असला की रेघ थोडी थरथरत राहते. माणूस उठतो, चादर झटकतो, पाणी उकळतो, जाजमावरून चालतो, प्रत्येक वेळी थोडी धूळ उडते आणि ती दिसते. तुझ्या संध्याकाळी तशाच आहेत, मला त्यात तू दिसतेस. तू कॉफी केलीस ते दिसतं, अंथरूण घातलंस ते दिसतं. पण सकाळी आठनंतर रेघ गुळगुळीत होते, थेट दुपारपर्यंत. रिकाम्या घराची रेघ अशी असते.

सकाळी यंत्र घरी होतं आणि तू नव्हतीस.

हे कळल्यावरही मी म्हटलं, चोर आधी ठरवायचा नाही. एखाद्या दिवशी बाजारात गेली असेल. पण मग रविवारी बाबांना राहवलं नाही आणि त्यांनी तुझी एक बरणी उघडली. पावाला लावलं, खाल्लं आणि थांबले. परत खाल्लं.

"यात वांगं आहे," ते म्हणाले.

"काहीतरीच," आई म्हणाली. तिने चाखलं. मग मी.

आत्या, त्यात वांगं आहे. तू ज्या बाईच्या घरी अय्वारात वांगं सापडलं तिच्याकडे परत जेवायला गेली नाहीस. माझ्या मावशीच्या लग्नात तू सगळ्यांदेखत म्हणालीस की वांगं घालणाऱ्यांना मिरच्या परवडत नाहीत. ती बरणी तुझी नाही. तुझी नसेल तर तू यंदा मिरच्या भाजल्याच नाहीस. आणि भाजल्या नसतील तर ऑक्टोबरातली सकाळ मिरच्यांची नव्हती.

बाबा म्हणाले, "म्हातारी होतेय, चव गेली." ते अजून तेच धरून बसलेत. मला ते पटत नाही.

मी तुझ्या शब्दावर बाबांना एक गोष्ट सांगितली आणि ती खोटी निघाली. आता मला वेडेवाकडे संशय येतात. तू दवाखान्यात जातेस आणि आमच्यापासून लपवतेस का? कोणी तुला त्रास देतंय का? तू कोणाला सकाळचं घर वापरायला दिलंयस का? काल बसमध्ये एक बाई खोकत होती तर मी उतरून गेले, इतकी माझी अवस्था झालीय.

सणाला तीन आठवडे उरलेत. खरं काय ते लिही. मी ते कोणाला सांगीन आणि कोणाला नाही याचं वचन देत नाही, कारण वचन देऊन मोडलं तर ते आणखी वाईट.

विश्न्या

---

निश, २ डिसेंबर

विश्न्या पोरी,

वांगं. मी त्या कोसाराला म्हटलं होतं की माझ्या भावाच्या घरी नाक आहे. ती म्हणाली, इतकं थोडं घातलंय, कळणार नाही.

कोसारा कोण ते सांगते. आमच्या इमारतीसमोर चौकात पेपरची टपरी आहे, ती तिची. तिचा नवरा ग्वोझ्देन मार्चमध्ये पडला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. दुपारी त्यांची मुलगी कामावरून येते, पण सकाळी त्याला बघणारं कोणी नाही. कोसारा टपरी बंद करायला निघाली होती. मी म्हटलं, सकाळी मी बसते. तेव्हापासून रविवार सोडून रोज सकाळी आठ ते बारा मी टपरीत असते. पेपर, सिगारेट, च्युइंगगम, बसची तिकिटं. बदल्यात काही घेत नाही. यंदा अय्वाराला मला वेळ झाला नाही म्हणून तिने तिच्या बरण्या दिल्या.

आता विचार, आधी का नाही सांगितलं. तुझा बाप इंजिनियर आहे आणि त्याला ते रोज आठवतं. बहीण चौकात सिगारेट विकते म्हटल्यावर तो त्याच दिवशी गाडी घेऊन येईल. आणि दुसरं म्हणजे तू. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की हे यंत्र टपरीत गेलं तर काय निघणार. बसगाड्या टपरीच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर थांबतात. मला त्यांचा आवाज येत नाही, पण फळीवरची नाणी हलतात. त्याचं खापर घरावर फुटलं असतं आणि घर गेलं असतं. आधी यंत्र अंगावरून काढायचा धीर झाला नाही, म्हणून कागदावर घरी लिहिलं. म्हणून मिरच्या. म्हणून तिसऱ्या वेळी यंत्र मागच्या खोलीत ठेवून गेले. माझ्याशिवाय माझं घर कसं दिसतं हे त्यात कळतं हे मला माहीत नव्हतं. वाचून जरा विचित्र वाटलं.

निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही विचारत नव्हतं, विश्न्या. शाळेत दिवसभर बाई, बाई. मग एकदम काही नाही. ऐकू येईनासं झाल्यावर तर लोक माझ्याशी बोलणं टाळतात, दोनदा सांगायचा कंटाळा येतो त्यांना. टपरीत कोणाला बोलावं लागत नाही. बोट दाखवतात, मी देते. एक बसचालक रोज बोटाने विचारतो, आज नवीन काय? मी मथळा वर धरते.

मी खोटं बोलले. त्यासाठी तुझ्या मनात जे आलं असेल ते येऊ दे. पण आता खरं मोज. यंत्र चौथ्यांदा पाठव. नळी बाहेर राहील, टपरीत टपरी लिहीन आणि घरात घर. मग घराचं वेगळं सांग आणि टपरीचं वेगळं. दोन्ही एकत्र करून तुझ्या बापाच्या हातात देऊ नकोस.

लेपाआत्या

---

बेलग्रेड, १५ डिसेंबर

प्रिय आत्या,

मी रागावले नाही. दोन दिवस प्रयत्न केला, जमलं नाही.

या आठवड्याची रेघ पहिल्यांदा तुझी वाटते. वेगवेगळं सांगते, तू म्हणालीस तसं.

तुझं घर चांगलं आहे. पुढच्या खोलीत संध्याकाळी थोडं चढतं, तिथे त्या वेळी बसू नकोस. बाकी मागची खोली, स्वयंपाकघर, रात्र, सगळं ठीक. नकाशाने तुझ्या घराला गडद लाल केलं ते चूक होतं. त्याने रस्ता पाहिला, तू मागच्या खोलीत राहतेस हे नाही पाहिलं. हे वाक्य मी कागदावर पहिलं लिहिलं.

दुसरं वाक्य असं: दिवसभरात तुझ्या छातीत जेवढा धूर जातो, त्यातला निम्म्याहून जास्त त्या चार तासांत जातो. बाकीचा सगळा दिवस आणि रात्र मिळून त्याच्यापुढे कमी पडतात. आत्या, मी हे चारदा तपासलं, कुठेतरी चुकले असेन अशी आशा होती म्हणून. चुकले नव्हते.

दुसरं वाक्य गाळलं असतं तर कोणाला कळलं नसतं. बाबांनी फक्त घराचं विचारलं होतं. एक पूर्ण दिवस मी तो कागद पहिल्या वाक्यापर्यंतच ठेवला होता. मग दुसरं लिहिलं आणि दोन्ही त्यांना दिले. तुला हे आवडणार नाही. पण मला तुझा खोकलाही माहीत आहे.

बाबांनी कागद दोनदा वाचला.

"टपरी?"

"हो."

"माझी बहीण चौकात बसून सिगारेट विकते?"

"बसची तिकिटंही विकते," आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस. किती दिवस?"

"मार्चपासून," मी म्हटलं.

"आणि तिथे कोणी ओळखत नाही तिला? अर्धं निश तिच्या हाताखाली शिकलंय."

"तेच येत असतील पेपर घ्यायला," आई म्हणाली.

मग त्यांनी विचारलं, "मग घराचं काय?"

"घर चांगलं आहे, बाबा. तिथे लिहिलंय."

ते उठले आणि त्या विकणाऱ्या माणसाला फोन केला. नको म्हणाले. कारण सांगितलं नाही. परत येऊन बसले आणि म्हणाले, "तिला लिही, टपरी बंद."

"ते कागदावर नाही," मी म्हटलं.

"मग काय आहे कागदावर?"

"हवा आहे. बाकीचं तिने ठरवायचं."

ते रागावले असं वाटलं, पण थोड्या वेळाने त्यांनी आईला विचारलं, त्या टपरीत हीटर असेल का?

आत्या, घर तुझंच राहिलं. टपरीचं मी काही सांगत नाही. मला काय वाटतं ते तुला माहीत आहे.

विश्न्या

---

निश, ३० डिसेंबर

विश्न्या पोरी,

सणाला आले नाही त्याचा राग मानू नका. पहिल्या घासाला तुझ्या बापाने टपरीचा विषय काढला असता आणि पाहुण्यांपुढे मी उत्तर दिलं असतं.

तुझा कागद वाचून मला आधी काय वाटलं ते सांगते. वाटलं, पोरीने दोघांनाही खूश केलं. आत्याला घर दिलं, बापाला टपरी बंद करायचं कारण दिलं. असे आकडे इतके सोयीचे येत नाहीत. दोन दिवस मी तुझ्यावर संशय घेऊन बसले होते. मग तू चारदा तपासलं लिहिलंयस ते परत वाचलं. तू लहानपणी बेरीज चुकली तर रडायचीस, बरोबर आली तरी परत करायचीस. मग कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: तिथे बसायचं नाही. मला ऐकू येत नाही म्हणून लिहून दिलं, पण खाली रेघ मारायचं काही कारण नव्हतं.

मी कोसाराकडे गेले. तिला डॉक्टरांचं पान दाखवलं. तिने वाचलं आणि मान हलवली, म्हणजे ही वेळ कधीतरी येणार हे तिला ठाऊकच होतं. टपरी बंद करते म्हणाली. मी म्हटलं, नको, अदलाबदल करू. सकाळी तू तुझ्या टपरीत बस, मी ग्वोझ्देनपाशी बसते.

तसं सुरू होऊन आठवडा झाला. ग्वोझ्देनला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमच्यात गैरसमज होत नाहीत. तो डाव्या हाताने पत्ते टाकतो आणि फसवतो. मी पकडते तेव्हा अर्ध्या तोंडाने हसतो. खोली मागच्या अंगाला आहे, झाडासमोर. माझा खोकला थोडा उतरलाय, हे तुझ्या बापाला सांग. पण जिंकल्यासारखं तोंड करू नकोस म्हणावं.

पण एक राहतं. मी कोसाराला म्हटलं, माझ्या भाचीचं यंत्र आठवडाभर तू लाव. तिने पाटीवर लिहिलं, ती आमच्यासाठी काउंटरवर ठेवलेली असते: "आकडा आल्यावर मला काय करायचंय?" तिने ते पुसलं आणि खाली लिहिलं: "तो मला दाखवू नकोस. मला इथेच बसायचंय."

तिची बाजू खरी आहे. ती टपरी सोडून कुठे जाणार? जी हवा माझी नव्हती ती मी सोडली, आणि ती तिथेच राहिली. आता ती कोसारा घेते. हे तुझ्या नकाशात कुठे येतं का, मला माहीत नाही. तिला यंत्र पाठवू की नको तेही मला कळत नाही. पाठवलं तर तिने नको म्हटलेलं तिच्यावर लादल्यासारखं होतं. नाही पाठवलं तर तिचं कोणीच मोजणार नाही. तुला सुचलं तर लिही. मला तर सुचत नाही.

रोज सकाळी मी टपरीपाशी थांबते. ती खिडकीतून घराची किल्ली देते. समोर बस उभी असते. किल्ली घेईपर्यंत मी श्वास धरून ठेवते. कोसाराच्या ते लक्षात आलंय.

लेपाआत्या